साभार परत

दिवाळी अंकांकडे लिखाण पाठवू लागलेल्या माणसाला पहिली काही वर्षे असे वाटत असते की, संपादकाकडून येणारे टपाल दोनच प्रकारचे असते. एक होकाराचे आणि एक नकाराचे. तिसरा प्रकार त्याला पुढे अनुभवाने कळतो आणि संख्येने तोच सर्वांत मोठा असतो : न आलेले टपाल.

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून किती हस्तलिखिते पोस्टाच्या पिशव्यांतून गेली आणि आली असतील, याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. आमच्याच भागातली किर्लोस्करवाडी घ्या. 1920 साली तिथे 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, मागून 'स्त्री' आणि 'मनोहर' आली, आणि जिथे लोखंडी नांगर तयार होत त्या माळावर साऱ्या महाराष्ट्रातून कथा-कविता येऊन पडू लागल्या. सगळ्या कशा छापणार? मग मराठी संपादकांनी दोन शब्द रूढ केले, 'साभार परत'. नवशिक्या लेखकाला ते विंचवाच्या नांगीसारखे वाटतात. मला विचाराल तर हे दोन्ही शब्द फार गुणी आहेत. साभार म्हणजे तुमचे लिखाण पोचले, कुणीतरी उघडले, तुम्ही कष्ट घेतलेत हे ध्यानात आले. परत म्हणजे तुम्ही मोकळे. संध्याकाळी तोच लेख नव्या पाकिटात घालून दुसऱ्या दारी जाता येते. ज्या लेखाचे काहीच कळत नाही तो मात्र धड आपला राहत नाही आणि धड दुसऱ्याचा होत नाही. मुलगी बघून गेलेले पाहुणे 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत, तेव्हा त्या घराचे जे होते तेच.

यंदा हे सारे माझ्या मनात घोळत राहिले ते साहित्यामुळे नव्हे, संगणकामुळे. फराळाच्या ताटात हा खडा कुठून आला म्हणून पान उलटू नका. आपल्या खिशातला फोन, बँकेतले यंत्र, रेल्वेच्या तिकिटाची खिडकी, यांच्या पोटात जे प्रोग्राम चालतात त्यांतले पुष्कळसे कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. जगभरच्या माणसांनी ते लिहिले आणि सर्वांसाठी उघडे ठेवले. कुणीही वाचावे, वापरावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी. याला मुक्तस्रोत म्हणतात. एखाद्या गावच्या पाणवठ्यासारखी ही व्यवस्था आहे; फरक एवढाच की गाव म्हणजे पृथ्वी.

दुरुस्ती करणारा मात्र ती परस्पर आत घालू शकत नाही. ती त्याने आपल्याकडे करायची आणि त्या प्रोग्रामच्या कारभाऱ्याला कळवायचे की, मी एवढा बदल करून ठेवला आहे, पटला तर ओढून घ्या. तिकडच्या बोलीत याला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात, आणि कारभाऱ्याला 'मेन्टेनर'. आपण कारभारीच म्हणू. कारभारी ती दुरुस्ती वाचतो, तपासतो, घेतो किंवा नाकारतो. निदान तसे अपेक्षित आहे.

माझी एक विद्यार्थिनी सांगलीला राहते. संगणकाचे काम करते. शाळेत असताना तिला मी अर्धा र शिकवला होता. मराठीत हा र मोठा खोडकर. आचार्यांना जेवायला बोलावले तर गुरुजी येतात आणि आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे आमच्या महाबळेश्वराकडच्या. फार कशाला, आमच्या जिल्ह्याचे नाव नुसते लिहायचे तर सोपे, पण त्याला प्रत्यय लावला की 'साताऱ्याचा' होते आणि तो आडवा, पापणीसारखा र लागतोच. तो न काढता डोक्यावर रफार दिलात तर 'सातार्याचा' असे काहीतरी होते. ते वाचून साताऱ्याचा माणूस गप्प बसेल, पण सुखाने बसणार नाही.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आयर्विन पुलाजवळ ते 57 फुटांच्या वर गेले होते. त्या पुरात तिच्या ओळखीच्या एका वाचनालयाची खालची कपाटे बुडाली. वाचलेली पुस्तके उन्हात घातली, चिकटलेली पाने सोडवली, आणि आता शिल्लक काय आहे याची नवी यादी करायला घेतली. संगणकावर, एका मुक्तस्रोत प्रोग्राममध्ये. दोन मुले टंकायला बसली. सहा महिन्यांनी यादी पुरी झाली, आणि कुणीतरी साताऱ्याच्या इतिहासाची पुस्तके शोधली, तर निम्मीच दिसली. निम्मी पुरात गेली असे समजून त्यांची नावे खोडायची वेळ आली होती. मग ग्रंथपालबाईंनी कपाटात हात घातला, तर पुस्तके जागेवर!

झाले होते असे की, आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत त्याच्यासाठी ऱ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य सांधा घालतात. डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. एका मुलाने एक तऱ्हा वापरली होती, दुसऱ्याने दुसरी. माझ्या विद्यार्थिनीने चार रविवार खर्चून शोधणाऱ्या भागात दुरुस्ती केली, की दोन्ही तऱ्हा एकच मानाव्यात. ओळी पन्नास-साठच. सोबत ती बरोबर चालते याच्या चाचण्या जोडल्या, इंग्रजीत नीट समजावून लिहिले आणि 2020 च्या सप्टेंबरात ती कारभाऱ्याकडे धाडली.

पहिल्या आठवड्यात कुणा वाटसरूने लिहिले, 'फार उपयोगी, कधी येणार?' त्यानंतर शांतता. दसरा गेला, दिवाळी गेली. दुसरी दिवाळी गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या वाट पाहण्यातले दुःख कळायचे नाही. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरला हळदीची पेवे असत. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची. आत हळद भरून तोंड बंद केले की वर्षानुवर्षे तिला कीड लागत नसे. भाव चढला की काढावी. 2005 च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी निकामी केली. संगणकातली दुरुस्ती पेवात ठेवता येत नाही. ती दिवाळीसाठी शिवायला टाकलेल्या मुलाच्या सदऱ्यासारखी असते. माप घेतले तेव्हा मूल एवढे होते; शिंप्याने सदरा वर्षभर ठेवला तर मूल थांबत नाही. प्रोग्रामही रोज वाढत असतो. इतरांच्या दुरुस्त्या आत जातात, ओळी हलतात, खोल्यांची दारे बदलतात, आणि मग तुमची दुरुस्ती त्याला बसत नाही. पुन्हा माप घ्या, पुन्हा उसवा, पुन्हा शिवा. हिने तीनदा शिवली. चौथ्यांदा मात्र यंत्राने पाठवलेली सूचना आली. असे एक तयार यंत्र मिळते. ठरीव माप असे की, 60 दिवस हालचाल नसली तर ते तुमच्या कामावर 'शिळे' असा शिक्का मारते आणि आणखी 7 दिवसांनी दार लावून घेते. 'शिळे' हा शब्द मी भाषांतरात वाढवलेला नाही, त्यांचाच आहे.

ती सुट्टीत साताऱ्याला आली होती तेव्हा म्हणाली, "बाई, नको म्हणाले असते तरी चाललं असतं की. काय चुकलं ते कळलं असतं. आता हालचाल मी करायची होती का त्यांनी?"

प्रश्न व्याकरणाच्या पेपरात घालण्यासारखा होता. कर्ता ओळखा.

पण तिने एक शहाणपणा केला. चारचौघांत भांडण न काढता कारभाऱ्याला स्वतंत्र पत्र लिहिले. उत्तर आले, थोडक्यात आणि सरळ. तो दिवसा नोकरी करतो. हे काम बिनपगारी. घरात लहान मूल आहे. ते निजले की रात्री तासभर मिळतो, त्यात रोज नव्या तक्रारी येतात आणि जुनी रास तशीच राहते. राशीत सव्वाशेच्या आसपास दुरुस्त्या पडून होत्या. तिची नाकारलेली नव्हती. ती वाचलीच गेली नव्हती.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही नाटकमंडळीचा, वाचनालयाचा, गणेशोत्सवाचा सारा डोलारा शेवटी एकाच माणसाच्या खांद्यावर असतो, आणि तो माणूस आजारी पडेपर्यंत कुणाला ते माहीत नसते. बाकीचे 'कधी करणार?' एवढेच विचारतात. या 'कधी करणार'चा परिणाम किती दूर जातो याची एक हकीकत आहे. ती 2024 साली जगभर गाजली.

माहिती दाबून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा प्रोग्राम आहे. असंख्य संगणकांच्या पायात तो आहे, पण त्याची निगा वर्षानुवर्षे फिनलंडमधला लासे कॉलिन हा एकटा राखत होता. 2022 साली त्याच्याकडे टोचून बोलणारी पत्रे येऊ लागली. दुरुस्त्या पडून आहेत, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे, अशा सुराची. त्याने उघडपणे लिहिले की, मन ठीक नाही आणि हे बिनपगारी, हौसेचे काम आहे. त्याच सुमारास जिया टॅन या नावाचा एक मदतनीस पुढे आला होता. नम्र, कष्टाळू, भराभर राशी उपसणारा. दोनएक वर्षांत त्याच्या हाती किल्ल्या आल्या. आणि 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने त्या प्रोग्राममध्ये एक चोरदार बसवले, ज्यातून परक्याला दुसऱ्याच्या संगणकात शिरता यावे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला; तो खणत गेला आणि 29 मार्चला त्याने जगाला सावध केले. जिया टॅन नावाचा माणूस खरा कोण, हे आजवर बाहेर आलेले नाही. आणि ती टोचणारी पत्रे? ती लिहिणारी नावेही नंतर कुठे दिसली नाहीत. ती त्याच कटातली असावीत असा जाणत्यांचा तर्क आहे. थकलेल्या कारभाऱ्याला आधी बाहेरून हाका मारून आणखी थकवायचे आणि मग आतून हात द्यायचा! आमच्या इतिहासात किल्ले असे फितुरीने पडलेले आहेत. पण किल्लेदाराला आधी इतक्या सभ्यपणे दमवल्याचे माझ्या वाचनात नाही.

फिनलंडचाच दुसरा एक माणूस, लिनस टॉर्वाल्ड्स. 1991 साली हेलसिंकीला शिकत असताना त्याने लिनक्सला आरंभ केला. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे. त्याच्याकडे दुरुस्त्यांचा पूर येई. त्याची रीत अशी की, जे नको ते सोडून द्यायचे आणि उत्तरही द्यायचे नाही. महत्त्वाचे असेल तर पाठवणारा पुन्हा पाठवील. 1998 साली यावरून ओरड झाली. 2002 च्या जानेवारीत तर कुणी सुचवले की, पडून राहिलेल्या दुरुस्त्या गोळा करायला एक स्वतंत्र माणूसच नेमा. हळूहळू त्याने कामाचे विभाग वेगवेगळ्या विश्वासू नायबांकडे सोपवण्याची पद्धत पक्की केली आणि 2005 साली हा सारा हिशेब ठेवणारे 'गिट' हे साधन स्वतःच लिहिले. राज्य वाढले की अष्टप्रधान लागतात, हे साताऱ्याच्या माणसाला नव्याने सांगायला नको. पण त्या 'पुन्हा पाठवील'वर माझा विश्वास नाही. पुन्हा पाठवतो तो चिकट माणूस; चांगला माणूस पाठवतोच असे नाही. वर्गात हात वर करणाऱ्या पोराला दोनदा डावलले की तिसऱ्यांदा तो हात वर करत नाही, आणि उत्तर त्याला येत असते.

याहून मला पटते ती 'जँगो'वाल्यांची तऱ्हा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत हा प्रोग्राम जन्मला, 2005 साली सर्वांसाठी खुला झाला. 2014 पासून त्यांच्या संस्थेने देणगीच्या पैशातून पगारी माणूस नेमला. त्याचे मुख्य काम नवे काही रचणे नव्हे; आलेल्या तक्रारी निवडणे, दुरुस्त्या वाचणे, पाठवणाऱ्याला उत्तर देणे. म्हणजे संपादकच. वाचण्याला पगार मिळू लागला, ही मला फार मोठी सुधारणा वाटते.

आमच्या वाईला याच जातीचा एक अवाढव्य प्रपंच उभा राहिला. 1960 साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईला सुरू झाले. असंख्य विषय, ठिकठिकाणचे लेखक. पहिला खंड निघाला 1976 साली. विसाव्यापर्यंत पोचायला पुढची जवळजवळ चार दशके लागली. शास्त्रीबुवा 1994 साली गेले. लोक या दिरंगाईला हसत. पण अकारविल्हे छापायच्या ग्रंथाची अडचण पाहा : एक नोंद आली नाही की पुढच्या शंभर तयार नोंदी तिच्यापाशी खोळंबतात. वारीच्या दिंडीसारखे, पुढच्याचा पाय अडला की मागे सगळे उभे. यात एक गुण असतो. खोळंबा साऱ्यांना दिसतो, म्हणून कुणालातरी पाठपुरावा करावाच लागतो. मुक्तस्रोतात प्रत्येक दुरुस्ती आपापल्या पाटावर एकटी बसलेली असते. एक वाढायची राहिली तरी पंगत चालूच राहते, म्हणून उपाशी राहिलेला कुणाला दिसत नाही. विकिपीडियाने, मराठीत तो 2003 साली सुरू झाला, ही रांगच काढून टाकली : आधी छापा, मग दुरुस्त करा. पुस्तकाच्या बाबतीत ते चालते. चोरदाराची हकीकत ऐकल्यावर संगणकाच्या बाबतीत तसे करावे असे कोण म्हणेल?

तर सांगलीची गोष्ट. पत्रव्यवहार सुरू राहिला आणि 2023 च्या उन्हाळ्यात त्या कारभाऱ्याने हिला विचारले की, रास निवडून देशील का? किल्ल्या दिल्या नाहीत, आणि तिनेही मागितल्या नाहीत. फक्त वाचायचे, निवाडा सुचवायचा; आत घेणे त्याच्या हाती. विश्रामबागेतल्या घरी दर रविवारी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी बसू लागल्या. मी एकदा जाऊन पाहिले. धान्य निवडायला बसावे तशा बसल्या होत्या, फक्त सुपाऐवजी मांडीवर लॅपटॉप. पहिला नियम, सर्वांत जुने आधी. दुसरा, प्रत्येक पाठवणाऱ्याला विचारायचे : तुम्हाला अजून यात रस आहे का? पुष्कळांनी उत्तर दिले नाही. काहींची नोकरी बदललेली, काहींचे मन. तरीही काम चांगले असले तर ते टाकायचे नाही. दुसऱ्या कुणी नवे माप घेऊन शिवायचे आणि नाव मूळ माणसाचेही ठेवायचे. एकाच जागेला हात घालणाऱ्या दुरुस्त्या एकत्र बांधायच्या. आणि नकार द्यायचा तर दोन ओळींचे कारण लिहून, आभार मानून. हे शेवटचे काम सर्वांत अवघड गेले. मैत्रिणींतल्या एकीला कुणालाच नाही म्हणवेना. ती 'बघू' असे लिहून पुढे जाई. तिला मी म्हटले, "अगं, तू तर अगदी संपादक झालीस!"

सर्वांत जुन्यापासून सुरुवात केल्यामुळे एक गोष्ट उघड झाली. 2018 सालची एक दुरुस्ती निघाली, नेपाळमधल्या कुणाची. नेपाळी लिपी देवनागरीच, आणि तिथेही 'गऱ्यो'सारख्या शब्दांत हाच आडवा र येतो, हे हिला ठाऊक नव्हते; मलाही त्या दिवशीच कळले. त्याने तोच रोग ओळखला होता. हिने शोधणारा भाग सुधारला होता. त्याने शब्द साठवतानाच एकरूप व्हावा अशी योजना केली होती, म्हणजे शोध, क्रम, छपाई सगळीकडे एकदमच बरे. हिच्याआधी दोन वर्षे. कुणी पाहिलेच नव्हते. हिने शोधले असते तर चार रविवार वाचले असते. पण पाच वर्षांच्या राशीखाली शोधणार तरी कसे?

तिने दोन रविवार घालून त्याची दुरुस्ती नव्या मापाला बसवली. स्वतःच्या दुरुस्तीखाली लिहिले की, याआधी आलेले आणि याहून चांगले काम उपलब्ध आहे, सबब हे मागे घेते. तीन वर्षे जपलेले काम तिने स्वतःच बंद केले. चेहरा मात्र मला काही पडलेला दिसला नाही. कारभाऱ्याने नेपाळ्याची दुरुस्ती आठ दिवसांत आत घेतली. वाचनालयात आता 'साताऱ्याचा' असे घातले की, दोन्ही मुलांनी टंकलेली पुस्तके एका यादीत येतात, आणि ग्रंथपालबाईंनी खोडायला काढलेली वही फडताळात परत ठेवली आहे.

त्या नेपाळी गृहस्थाला कळवावे म्हणून तिने त्याच्या जुन्या पत्त्यावर पत्र धाडले. ते परत आले. साभार वगैरे काही नाही, नुसतेच परत. तो पत्ता बंद झाला असावा. सध्या ती काठमांडूकडच्या संगणकवाल्यांत चौकशी करते आहे. राशीत अजून चाळीसएक दुरुस्त्या आहेत.